आबांची विडी आणि नातवाचे फुफ्फुस

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली, पारावर विडीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आमचा आबा रोज बंडल फुकत होता, नव्वदीले टेकला. त्याले काय झालं?' ऐकणाऱ्या नातवाला तेवढे पुरते. खिशातली काडेपेटी बाहेर निघते.

आबांचे उदाहरण खोटे नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकालाच फुफ्फुसाचा कर्करोग होत नाही. मग एकाला होतो आणि दुसरा सुटतो, हे कसे? याचे थोडे उत्तर आपल्या जनुकांत आहे.

पाऊस सगळीकडे सारखाच पडला, तरी पूर्णाकाठच्या काळ्या रानात पाणी साचते आणि घाटावरच्या मुरमाड रानात झिरपून जाते. धुराचेही तसेच आहे. धुरातल्या काही रसायनांना शरीरातले एक प्रकारचे एन्झाइम आधी अधिक घातक बनवते. दुसऱ्या प्रकारचे त्यांना निष्प्रभ करून बाहेर काढते. या दुसऱ्या कामातले 'जीएसटीएम-१' हे जनुक पुष्कळांत जन्मतःच नसते. त्याचा या रोगाशी संबंध १९८६ मध्ये दिसला. पुढे तो फार मोठा नाही असेही आढळले. २००८ मध्ये शास्त्रज्ञांच्या तीन गटांनी पंधराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेकडे बोट दाखवले. पेशींवर निकोटिन जिथे जाऊन बसते, ते ग्राहक घडवणारी जनुके तिथे आहेत. आई आणि वडील या दोघांकडूनही तिथला धोक्याचा बदल आलेल्या युरोपीय लोकांत हा रोग होण्याची शक्यता सुमारे पावणेदोन पट दिसली. अशा माणसांना विडी-सिगारेटची ओढही अधिक लागते.

पण आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या पंधरा-वीस पट असतो. त्यापुढे पावणेदोन पट ते काय! आणि विडी सौम्य, हा समजही चुकीचा. मुंबईतल्या रुग्णांची पाहणी करून नोटानी आणि संघवी या संशोधकांनी १९७४ मध्येच विडीला सिगारेटच्या पंक्तीत बसवले होते.

रुग्णाच्या अहवालात 'ईजीएफआर' जनुकात बदल आढळला, की घरची मंडळी मुलांच्या काळजीने हवालदिल होतात. हा बदल बहुधा गाठीतल्या पेशींत आयुष्यात पुढे कधीतरी घडलेला असतो. तो वारशाने मुलांकडे जात नाही. उलट त्यावर नेमकी लागू पडणारी गोळी मिळू शकते. विडीला कधी न शिवलेल्या बायाबापड्यांनाही हा रोग गाठतो; चुलीचा धूर त्याचे एक कारण आहे.

जनुके बदलता येत नाहीत, सवय येते. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून २००४ मध्ये सांगितले, की तिशीत धूम्रपान सोडणाऱ्याचा अकाली मृत्यूचा जवळजवळ सगळा जादा धोका टळतो, पन्नाशीत सोडणाऱ्याचा निम्मा.

पारावर नव्वदीच्या आबांची गोष्ट रंगते, कारण ती सांगायला सोपी असते. पन्नाशीत खोकून खोकून गेलेल्या चुलत्याची गोष्ट मात्र कोणी काढत नाही. नातवाला आता तीही सांगायला हवी.