पोत्याच्या खिडकीतून बटाटा

अमडापूरच्या काळ्या जमिनीत वाढलेला मुळा कधी उपटून पाहिला आहे का? पाला हातात येतो आणि मुळा जमिनीतच राहतो. मग खुरपे आणा, बसा, उकरा. निम्मा मुळा निघतो, निम्मा तुटतो. गाजराचे तर विचारूच नका. ते खाली जाताना कडक ढेकळाला अडले की त्याला दोन पाय फुटतात.

दोष मुळ्याचा नाही. चिखली तालुक्यातली आपली काळी जमीन चिकण मातीची. पाणी पडले की फुगते, चिकटते आणि कंदाला घट्ट धरून ठेवते. वाळली की दगडासारखी होते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस, सोयाबीन, हरभरा यांना ती मानवते. ज्या भाजीला जमिनीच्या आत जाड व्हायचे असते, तिला मात्र भुसभुशीत जागा लागते.

आमच्या घरी हा विषय निघाला तो आईमुळे. तिचा सगळा जन्म निंदण, वेचणी आणि सोंगणीत गेला. घरामागे दोन खाटांएवढी जागा आहे. तीत आम्ही हौसेने मुळा आणि बटाटा लावला. काढणीच्या दिवशी ती खुरपे घेऊन बसली, तासाभराने गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, “बापा, दिवसभर लोकायच्या वावरात वाकाचं, अन घरी येऊनबी वाकाचंच काय?” तिच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधता शोधता आम्ही पोत्यापर्यंत आलो.

पहिल्या वर्षी आम्ही मोठीच चूक केली. सिमेंटची रिकामी पोती धुतली आणि त्यांत घरामागचीच काळी माती ठेचून भरली. पाणी वरच साचून राहिले. मुळे मुठीएवढे आखूड आणि वाकडे झाले, आणि पोते वाळल्यावर आत अख्खी वीट तयार! शेवटी पोते फाडून टिकासाने फोडावे लागले. शेजारच्या काकू अजून त्यावरून हसतात.

दुसऱ्या वर्षी मातीच बदलली. एक घमेले काळी माती, एक घमेले वाळू आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत. त्यात दोन ओंजळी सोयाबीनचे कुजलेले कुटार. वाळू बांधकामाची उरलेली चालते. शेणखत मात्र जुनेच हवे. ताज्या शेणाने गाजराला फाटे फुटतात. युरियाचा मोहही आवरावा. त्याने पाला कमरेएवढा होतो आणि खाली कंद बोटाएवढाच राहतो. हे मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावा आणि बोट लावताच सुटावा, एवढी परीक्षा पुरे.

भरलेले पोते उचलायला जाऊ नये, कंबर तिथेच जाते. आधी दोन थर विटा रचून त्यावर रिकामे पोते उभे करावे, तळाला पाणी निघायला दाभणाने दहा-बारा भोके पाडावीत आणि मग जागेवरच भरावे. विटांमुळे पोते उंचावर येते. आमची आई आता स्टुलावर बसून काम करते.

आता खिडकी. पोत्याच्या खालच्या बाजूला, तळापासून चार बोटे वर, वीतभर रुंदीचा तीन बाजूंनी काप द्यावा. वरची बाजू तशीच ठेवावी, म्हणजे झाकण होते. ते दाभणाने सुतळी ओवून बांधून टाकावे. बटाटा लावून सत्तर-पंचाहत्तर दिवस झाले की सुतळी सोडावी, हात आत घालावा, चाचपडून मोठे तेवढे चार बटाटे काढावेत, माती परत दाबावी आणि खिडकी बांधावी. झाड वर उभेच असते, लहान बटाटे वाढत राहतात. खिडकी मात्र उघडी ठेवू नये. उजेड लागला की बटाटा हिरवा होतो आणि हिरवा बटाटा विषारी असतो. तो पोरांच्या ताटात जाता कामा नये. बटाट्याचा पाला आणि झाडाला लागणारी हिरवी फळेही खायची नसतात.

आल्याला ही खिडकी फारच सोयीची. मे-जूनमध्ये लावलेल्या आल्याचा सहा महिन्यांनी चहापुरता तुकडा बाजूने मोडून घेता येतो. आल्याला अर्धी सावली लागते, म्हणून ते पोते आमच्या न्हाणीच्या भिंतीला आहे. रताळ्याचेही तसेच. वेलाचा तीन-चार डोळ्यांचा तुकडा पावसाच्या सुरुवातीला खोचला की साधारण चार महिन्यांत खालून रताळी हाताला लागतात. वेल जमिनीवर पसरू दिला तर जागोजागी मुळ्या धरतो आणि कंद बारीक राहतात, म्हणून तो अधूनमधून उचलून ठेवावा. रताळे म्हणजे उपवासाचे, असा आपल्याकडे उगाच एक समज आहे. कामावर जाणाऱ्या माणसाला सकाळी दोन उकडलेली रताळी आणि चहा दिला तर दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

मुळा, गाजर आणि बीट यांना खिडकी नको, कारण ते सरळ खाली जातात. त्यांच्यासाठी पोत्याऐवजी फुटका तेलाचा डबा किंवा अर्धे कापलेले पोते घ्यावे. गाजर-मुळ्याला हातभर खोली हवी, बीटाला वीतभर पुरते. बी जागेवरच टाकावे, कारण उपटून दुसरीकडे लावले की मूळ वाकते. गाजराचे बी बारीक, ते राखेत मिसळून टाकले की सारखे पडते. उगवायला आठ ते पंधरा दिवस घेते, तोवर धीर धरावा. बीटाचे एक बी म्हणजे खरे तर दोन-चार बियांचा झुबका असतो, म्हणून रोपे दाट येतात. चार बोटांवर एक ठेवून बाकीची काढावीत आणि भाजीत टाकावीत. काढणीच्या आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे. सकाळी पाला न ओढता कंदाचा गळा धरून थोडे पिळावे, कंद अलगद वर येतो. बटाट्याचे उलट आहे. शेवटच्या काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे, म्हणजे साल पक्की होते. मग पोते जुन्या चादरीवर आडवे करून ओतावे. हे काम पोरांना द्या. आमच्याकडे त्या दिवशी शाळेची तयारी मागे पडते!

वेळ पाळणे महत्त्वाचे. चेतकी जातीचा मुळा उकाडाही सोसतो आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत येतो. गाजर, बीट आणि बटाटा हिवाळ्याचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावेत. उन्हात पोते तापते आणि गरम मातीत बटाटा धरत नाही, म्हणून पश्चिमेच्या बाजूला गोणपाट टांगावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्याच पाण्याची मारामार असते, तेव्हा पोती रिकामी ठेवलेलीच बरी. एरवी डाळ-तांदूळ धुतलेले पाणी बहुतेक पुरते.

आणखी एक सूचना, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. फवारणीच्या औषधाचा डबा, पिंप किंवा त्या औषधाजवळ ठेवलेले पोते कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नये.

पोत्यातली भाजी हे काही आमचे डोके नव्हे. केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा या दाटीवाटीच्या गरीब वस्तीत 2008 पासून हा प्रकार पसरला. तिथे पोत्याच्या मधोमध दगडांचा खांब ठेवून पाणी खालपर्यंत नेतात आणि बाजूच्या भोकांतून पालेभाजी लावतात. आपल्या कंदांना मध्ये दगड नको, एवढाच फरक. मुंबईत तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 साली स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. गोदी कामगारांच्या जेवणातून उरलेल्या साली आणि देठे तिथे खत झाली. त्यांना गच्ची होती, आपल्याला अंगण आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तरी आपल्यातल्या कितीतरी घरांच्या नावावर आजही सातबारा नाही. चार पोती म्हणजे वावर नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्यातला बटाटा तरी दुसऱ्याच्या बांधावरचा नसतो.

बीटाने रक्त वाढते म्हणून काही भगिनी ते आवर्जून लावतात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या, तेव्हा ही काळजी रास्तच आहे. मात्र बीटाचा लाल रंग म्हणजे लोह नव्हे. कंदापेक्षा त्याच्या पाल्यात लोह जास्त असते, आणि तोच आपण उकिरड्यावर टाकतो. पाल्याची भाजी करून वर लिंबू पिळावे. अशक्तपणा फार असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून गोळ्या घ्याव्यात. भाजी त्यांची जागा घेत नाही.

हिशेबही खरा सांगतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या दोन पोत्यांतून मिळून साडेतीन किलो बटाटा निघाला. आठवडी बाजाराची पिशवी त्याने बंद झाली नाही. मुळा आणि बीटाचा पाला धरून आठवड्यातल्या दोन भाज्या सुटल्या, एवढेच. रिकामी झालेली माती पसरून उन्हात तापवली, त्यात नवे शेणखत मिसळले आणि त्याच पोत्यांत मेथी टाकली. एक पोते मात्र आईने मेथीला दिले नाही. त्यात तिला अरबी लावायची आहे आणि खिडकी या खेपेला तीच कापणार आहे, आमची फार खाली होते म्हणे.