ब्रेकच्या आधीचे 44 मीटर

धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनचाचणी संस्था आहे. 2021 साली तिथे 11.3 किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी सुरू झाली, आशियातली सर्वांत लांब म्हणून ती गाजलीही. गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, वळणावरची पकड, सगळं अशा ठिकाणी पिळून पाहतात. ताशी 80 किलोमीटरच्या वेगातली चांगली मोटार कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून साधारण 35 मीटरमध्ये थांबते. त्यातले दोन-तीन मीटर वाचवण्यासाठी इंजिनिअर झटत असतात. आणि चालवणारा, व्हॉट्सअॅपवर कोणाचा निरोप आला एवढंच बघायला, दोन सेकंद मान खाली घालतो. तेवढ्यात गाडी 44 मीटर पुढे गेलेली असते, ब्रेकला पाय लागायच्या आधीच.

देवास-धारच्या मराठी घरांची नाशिककडची वाट ठरलेली: आग्रा-मुंबई महामार्ग, मानपूर, खलघाट, सेंधवा, शिरपूर, धुळे. रस्ता रुंद आणि सरळ झाला की लक्ष सैल पडतं. मग घाट येतो, आणि पुढचा ट्रक रांगतोय की उभाच आहे, हे ओळखायला वेळ उरत नाही.

सरकारी अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात, मोबाईलच्या खात्यात जेमतेम दोन टक्के. हे दोन टक्के मला पटत नाहीत. दारू रक्तात सापडते, पंचनाम्यात टायरच्या खुणा मोजता येतात. लक्ष कुठे होतं, याची खूण रस्त्यावर उरत नाही. कॉलची नोंद मागवता येते, पण नुसतं रील बघत असेल तर तीही मुकीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार गाडी चालवताना फोन हातात धरला तर पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कलम 184 हातातल्या फोनचं. कानात ब्लूटूथ घातलेला, हेल्मेटमध्ये फोन खोचलेला स्वतःला निर्दोष समजतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी केलेल्या प्रयोगांत मात्र हात मोकळे असूनही फारसा फरक पडला नाही: नजर रस्त्यावर असते, तरी समोरचं मनात उतरत नाही. मग शेजारच्याशी गप्पा चालतात त्या कशा? शेजारी बसलेली आत्या घाट आला की आपोआप गप्प होते. नाशिकहून फोनवर बोलणाऱ्या आत्याला घाट दिसत नाही.

देवासहून निघताना 'पोचलो की फोन करतो' म्हणणारे अजून आहेत. सेंधवा यायच्या आत 'कुठवर आलात?' म्हणून फोन करणारे घरचेच असतात.