आवड आणि निवाडा : आल्बमला दहापैकी किती?

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत पॉप आणि इंडी संगीताचे आल्बम कुठून आले, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. पण सौंदर्यशास्त्रातला एक जुना आणि चिवट प्रश्न इथे अगदी उघडपणे समोर येतो. ‘हा आल्बम चांगला आहे’ असं समीक्षक म्हणतो, तेव्हा तो नेमकं काय सांगत असतो? स्वतःची आवड, की त्या आल्बमविषयीची एखादी वस्तुस्थिती?

आधी उदाहरणं बघू. १९६९ साली रॉबर्ट क्रिस्टगाउ या अमेरिकन समीक्षकानं न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात ‘कन्झ्यूमर गाइड’ नावाचं सदर सुरू केलं. प्रत्येक आल्बमवर एक छोटा, टोकदार परिच्छेद आणि सोबत शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी. पुढे १९९० च्या दशकात ‘पिचफोर्क’ हे संकेतस्थळ निघालं. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर राहून काम करणारे जे कलाकार, म्हणजे इंडी कलाकार, त्यांच्या जगात त्याचा शब्द फार वजनदार ठरला. तिथे गुण मिळतात शून्य ते दहा, तेही दशांश चिन्हासकट.

आता बघा काय झालं. लिझ फेअर ही गायिका १९९३ च्या ‘एक्झाइल इन गायव्हिल’ या आल्बममुळे इंडी श्रोत्यांची लाडकी झाली होती. २००३ मध्ये तिनं सरळसरळ पॉप वळणाचा आल्बम काढला. पिचफोर्कनं त्याला दिले ०.०. पुढच्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्तान’लाही ०.० मिळाले, आणि त्याच्या एकल कारकिर्दीला त्याचा मोठा फटका बसला. एका आकड्यामागे कुणाची तरी भाकरी असते, हे इथे लक्षात घ्या. २०१९ मध्ये फेअरच्या समीक्षकानं तिची जाहीर माफी मागितली. २०२१ मध्ये पिचफोर्कनं काही जुने गुण बदलले. त्यात तिच्या आल्बमला शून्याचे सहा मिळाले.

आल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता. मग बदललं काय?

एक सोपं उत्तर असं, की आवड ज्याची त्याची. पण तसं असेल तर माफी कशाबद्दल? मला कारलं आवडत नाही, म्हणून मी कुणाची माफी मागत नाही. दुसरं सोपं उत्तर असं, की गुण हे मोजमाप आहे आणि पहिल्यांदा मोजण्यात चूक झाली. पण ताप मोजावा तसं गाणं मोजणारं थर्मामीटर कुठे आहे? म्हणजे दोन्ही उत्तरं लंगडी पडतात.

कांट इथे उपयोगी पडतो. १७९० च्या ग्रंथात तो म्हणतो, की कॅनरी बेटांवरचं मद्य ‘मला’ रुचतं, एवढं म्हणून माणूस थांबू शकतो. पण एखादी गोष्ट ‘सुंदर’ आहे असं म्हटलं, की आपण इतरांच्या संमतीवर हक्क सांगत असतो. तो हक्क आपल्याला सिद्ध करता येत नाही, आणि सोडवतही नाही. समीक्षक उभा असतो तो या अवघड जागी.

मग त्यानं काय करायचं? ह्यूमनं १७५७ च्या निबंधात सांचो पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. एकाला मद्यात चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामं केलं, तर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली! आता आल्बमचं पिंप असं रिकामं करून दाखवता येत नाही. म्हणून समीक्षकानं किल्ली शब्दांनी दाखवावी लागते : इथे आवाज कसा फाटतो ते ऐका, इथे ताल मुद्दाम मागे कसा ठेवलाय ते ऐका. आपण पुन्हा ऐकतो आणि आपल्यालाही ते ऐकू येतं, किंवा येत नाही. समीक्षेची परीक्षा होते ती इथे.

ह्यूम आणखी एक अट घालतो : पूर्वग्रहापासून मुक्तता. आपल्याकडे अभिनवगुप्तांनी यालाच रसविघ्नांच्या चर्चेत स्थान दिलं. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेल्या प्रेक्षकापर्यंत रस पोचत नाही. फेअरच्या बाबतीत विघ्न कुठलं होतं? ‘आमची होती, पॉपकडे गेली’ हा रुसवा. तो गाण्यांविषयीचा निवाडा नव्हता, आपल्या गोटाविषयीचा होता. याच सुमारास, २००४ मध्ये, केलेफा सान्ने यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये या वृत्तीवर लिहिलं. रॉक तेवढं खरं, पॉप म्हणजे बनावट, या समजुतीला ‘रॉकिझम’ म्हणतात.

तर मग परीक्षण वाचावं कसं? आधी आकड्यावर बोट ठेवून तो झाका. खालचा मजकूर वाचा. समीक्षक गाण्यातलं काही दाखवतोय, की फक्त गायिकेनं कुठे राहायला हवं होतं ते सांगतोय? दाखवत असेल, तर तिथे जाऊन स्वतः ऐका. मग त्याच्याशी खुशाल भांडा. कारणाशी भांडता येतं, ६.४ शी भांडून काय होणार? समीक्षक आपल्याला कान देऊ शकतो. आपल्या वतीनं ऐकण्याचं काम मात्र त्याच्यावर सोपवू नये.

आज इथेच थांबतो.