इत्तेफाक (१९६९ चित्रपट)

इत्तेफाक हा १९६९ साली प्रदर्शित झालेला हिंदी भाषेतील रहस्यप्रधान चित्रपट आहे. बी. आर. फिल्म्स या मुंबईतील चित्रपटसंस्थेसाठी बी. आर. चोप्रा यांनी त्याची निर्मिती केली, तर दिग्दर्शन त्यांचे धाकटे बंधू यश चोप्रा यांनी केले. राजेश खन्ना आणि नंदा यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. 'इत्तेफाक' या शब्दाचा अर्थ 'योगायोग' असा होतो. एकही गाणे नसलेला, बहुतांशी एकाच घरात आणि एकाच रात्रीत घडणारा हा चित्रपट सुमारे महिनाभराच्या चित्रीकरणात, कमी खर्चात पूर्ण करण्यात आला. खुनाचा आरोप असलेल्या माणसालाच दुसऱ्या एका खुनाचा माग लागतो, ही त्याच्या कथेची मध्यवर्ती कल्पना आहे.

पार्श्वभूमी

यश चोप्रा यांचा 'वक्त' (१९६५) हा चित्रपट अनेक तारे, भव्य नेपथ्य आणि लोकप्रिय गाणी यांसाठी गाजला होता. त्यानंतर त्यांनी 'आदमी और इन्सान' हा तशाच मोठ्या स्वरूपाचा चित्रपट हाती घेतला. मात्र नायिका सायरा बानू यांच्या आजारपणामुळे त्याचे चित्रीकरण थांबले. या सक्तीच्या विश्रांतीत संस्थेतील तंत्रज्ञांना काम मिळावे आणि हाती असलेला वेळ वाया जाऊ नये, यासाठी झटपट पूर्ण होऊ शकेल अशा कथेचा शोध सुरू झाला.

ती कथा मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर सापडली. प्रवीण जोशी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'धुम्मस' (अर्थ : धुके) या नाटकात सरिता जोशी यांची प्रमुख भूमिका होती. पुण्यात एका मराठी कुटुंबात जन्मलेल्या सरिता जोशी या गुजराती रंगभूमीवरील आघाडीच्या अभिनेत्री होत. 'धुम्मस'चे मूळ मॉन्टी डॉइल या लेखकाच्या 'साइनपोस्ट टू मर्डर' या इंग्रजी नाटकात होते. त्या नाटकावर याच नावाचा हॉलिवूडपटही निघाला होता. इंग्लंडमधील मनोरुग्णालयातून पळालेल्या कैद्याची ही कथा अशा प्रकारे गुजराती नाटकाच्या मार्गाने हिंदी पडद्यावर आली.

कथानक

दिलीप रॉय (राजेश खन्ना) हा चित्रकार आहे. पत्नीशी झालेल्या भांडणानंतर ती मृतावस्थेत आढळते आणि खुनाचा आळ दिलीपवर येतो. पत्नीची बहीण रेणू (बिंदू) त्याच्याविरुद्ध साक्ष देते. सुनावणीच्या काळात दिलीपचे वर्तन अनावर होते, म्हणून त्याला मनोरुग्णालयात पाठवले जाते. एका पावसाळी रात्री तो तेथून पळ काढतो आणि आसऱ्यासाठी एका घरात शिरतो. घरात रेखा (नंदा) एकटीच असते. पती बाहेरगावी गेल्याचे ती सांगते. दिलीप तिला धाक दाखवून ओलीस ठेवतो.

रात्र सरत जाते, तसे दोघांचे नाते बदलू लागते. भीतीची जागा हळूहळू संभाषण घेते. अशातच दिलीपला स्नानगृहात एक प्रेत दिसते. रेखाला ते दाखवण्यासाठी तो परत येतो, तेव्हा तेथे काहीच नसते. हा त्याच्या मनाचा भ्रम असल्याचे रेखा त्याला पटवू पाहते. पुढे ते प्रेत रेखाच्या पतीचे असल्याचे उघड होते आणि संशयाची सुई साहजिकच दिलीपकडे वळते.

इन्स्पेक्टर कर्वे (इफ्तेखार) यांच्या तपासातून अखेर खरी हकीकत बाहेर येते. रेखा आणि तिचा प्रियकर, पोलीस अधिकारी दिवाण (सुजित कुमार), यांनी दिलीप घरात शिरण्यापूर्वीच तिच्या पतीचा खून केलेला असतो. वेडा ठरवला गेलेला एक फरारी नेमका त्याच घरात येतो, हा त्यांच्यासाठी अनपेक्षित लाभ ठरतो. आपल्या गुन्ह्याचे खापर त्याच्या माथी फोडण्याचा त्यांचा डाव मात्र फसतो. रेखा स्वतःचे जीवन संपवते. दिलीपच्या पत्नीच्या मृत्यूलाही तो स्वतः नव्हे, तर रेणू कारणीभूत असल्याचे निष्पन्न होते.

कलाकार

राजेश खन्ना – दिलीप रॉय
नंदा – रेखा
बिंदू – रेणू
सुजित कुमार – इन्स्पेक्टर दिवाण
इफ्तेखार – इन्स्पेक्टर कर्वे
मदन पुरी – सरकारी वकील
गजानन जागीरदार – डॉ. त्रिवेदी
शम्मी – शेजारीण

नंदा या चित्रपट दिग्दर्शक व अभिनेते मास्टर विनायक यांच्या कन्या. सोज्वळ नायिका, धाकटी बहीण अशा भूमिकांमधून त्यांची प्रतिमा तयार झाली होती. त्यामुळे रेखावर संशय घेण्यास प्रेक्षक सहजासहजी धजावत नसे आणि रहस्य टिकवण्यास ही निवड उपयोगी ठरली. राजेश खन्ना त्या वेळी नव्याने पुढे येत होते. त्याच वर्षीच्या 'आराधना'ने त्यांना अफाट लोकप्रियता मिळवून दिली. मनोविकारतज्ज्ञाची भूमिका करणारे गजानन जागीरदार हे प्रभातच्या 'रामशास्त्री'मधील शीर्षक भूमिकेसाठी मराठी प्रेक्षकांना परिचित होते. पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटचे ते पहिले संचालक होत.

निर्मिती

कथेचा बहुतेक भाग रेखाच्या घरात घडत असल्याने एकच मुख्य नेपथ्य पुरेसे ठरले. पात्रे मोजकीच होती आणि बाह्यचित्रीकरणाची गरज फारशी नव्हती. सायरा बानूंअभावी खोळंबलेल्या चित्रपटाचा तंत्रज्ञवर्ग उपलब्ध होता. छायाचित्रण के. जी. यांचे, संकलन प्राण मेहरा यांचे, तर संवाद प्रसिद्ध उर्दू कवी अख्तर-उल-इमान यांचे आहेत.

त्या काळातील हिंदी चित्रपट अडीच ते तीन तासांचा असे आणि त्यात सहा-सात गाणी असणे गृहीत धरले जाई. 'इत्तेफाक'ची लांबी पावणेदोन तासांच्या आसपास आहे. गीतविरहित हिंदी चित्रपटांची उदाहरणे पूर्वीही होती : वाडिया मूव्हिटोनचा 'नौजवान' (१९३७), ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'मुन्ना' (१९५४) आणि खुद्द बी. आर. चोप्रा यांचा 'कानून' (१९६०). 'कानून' हीदेखील खुनाची कथा होती आणि नंदा यांनी त्यातही काम केले होते. 'इत्तेफाक'मध्ये गाण्यांच्या अभावी ताण निर्माण करण्याचे काम सलील चौधरी यांचे पार्श्वसंगीत व ध्वनिमुद्रण यांच्याकडे आले.

रहस्याची मांडणी

रहस्यकथेतील हौशी शोधक सहसा विश्वासार्ह असतो. आगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल या वृद्धेकडे गावकरी सुरुवातीला दुर्लक्ष करतात, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला मोठी माणसे पोरगेला समजतात, परंतु दोघांनाही निर्धास्त वावरता येते, प्रश्न विचारता येतात. दिलीप रॉयला यांपैकी काहीच शक्य नाही. तो आरोपी आहे, फरारी आहे आणि अधिकृतपणे मनोरुग्ण ठरवला गेला आहे. प्रेत प्रत्यक्ष पाहिलेला माणूस तोच, पण त्याच्या साक्षीला किंमत नाही.

रेखाचा बचाव याच उणिवेवर उभा आहे. तिला पुरावा पूर्णपणे नष्ट करण्याची गरज नसते. पाहणाऱ्याचा स्वतःवरील विश्वास डळमळीत झाला की तिचे काम भागते. प्रेक्षकाला बहुतेक माहिती दिलीपबरोबरच मिळते, त्यामुळे 'प्रेत होते की नव्हते' या प्रश्नात तोही अडकतो. 'वेडा' हा शिक्का बसलेल्या व्यक्तीचे खरे बोलणेही किती सहज खोडून काढता येते, हा चित्रपटातील गंभीर मुद्दा आहे. गुन्ह्यात सामील असलेला दिवाण हा स्वतः पोलीस अधिकारी आहे, ही बाब तो मुद्दा अधिक तीव्र करते.

शीर्षकातील योगायोगही दुहेरी आहे. दिलीप नेमका त्या घरात शिरतो, म्हणून गुन्हेगारांना आयता बळी मिळतो. मात्र तो तेथे शिरला नसता, तर प्रेत कोणाच्या दृष्टीस पडलेही नसते.

पुरस्कार

या चित्रपटासाठी यश चोप्रा यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा, तर एम. ए. शेख यांना सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. नंदा यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळाले होते.

नवी आवृत्ती

३ नोव्हेंबर २०१७ रोजी याच नावाची नवी आवृत्ती प्रदर्शित झाली. तिचे दिग्दर्शन बी. आर. चोप्रा यांचे नातू अभय चोप्रा यांनी केले असून सिद्धार्थ मल्होत्रा, सोनाक्षी सिन्हा आणि अक्षय खन्ना यांच्या तीत भूमिका आहेत. मूळ चित्रपट एका रात्रीच्या ओघात पुढे सरकतो. नव्या चित्रपटात मात्र दोन संशयितांच्या परस्परविरोधी जबान्या आणि त्यांतील सत्य शोधणारा पोलीस अधिकारी यांना केंद्रस्थान देण्यात आले आहे. मूळ चित्रपटाप्रमाणे तोही लांबीने आटोपशीर आहे.