लग्न रविवारी, ट्रक गुरुवारी

सकाळी ८. अलिबाग तालुक्यातली कातकरवाडी. दिवाळी सरली, भातझोडणी आटोपत आली. आता वीटभट्ट्यांचे ट्रक लागतील आणि माझ्या अंगणवाडीचा निम्मा पट रिकामा होईल. म्हणून आज आधी वजनं.

१०.३०. खिचडी वाढता वाढता मदतनीस हळूच म्हणाली, "ताई, वरच्या घरी सुपारी फुटली. रविवारी लगीन." मुलगी नववीतली. जुनं रजिस्टर काढलं. तिची वजनं माझ्याच अक्षरात आहेत, आधी पिवळ्या पट्ट्यात, मग हिरव्या. सोळावं नुकतंच लागलंय.

११.३०. १०९८ या बाल हेल्पलाइनवर कळवलं, मग ग्रामसेवकांना फोन. २००६ च्या कायद्याखाली खेड्यात बालविवाह प्रतिबंध अधिकारी तेच, आणि मदतीला आम्ही सेविका. "भाऊसाहेब, आजच या." खबर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, पण वाडीत काही लपत नाही, आणि मला रोज इथंच यायचंय.

दुपारी २. भाऊसाहेब, पोलीस पाटील, आशाताई आणि मी. भाऊसाहेबांनी समजावलं : २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, १ लाखापर्यंत दंड, लग्न लावणारेही सुटत नाहीत. नवरामुलगा २० चा, त्याचीही २१ पुरी नाहीत. बाप खाली बघत राहिला. आई मात्र बोलली, "भट्टीवरच्या खोपीला दार नसतं, ताई. तिथं वयात आलेली पोर कशी ठेवू? आन् मागं ठेवू तर कुणाच्या भरवशावर? म्हातारीला दिसत नाय."

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. मुलगी आश्रमशाळेतून सुटीला आली होती. परत सोडायला कुणी खाडा करायचा, म्हणून राहिली ती राहिलीच. मी अधीक्षिकाबाईंना फोन लावला. मुलीने माझ्या हातातून तो घेतला आणि एवढंच विचारलं, "बाई, माझी खाट दुसरीला दिली का?" दिली नव्हती.

४. हमीपत्र. १८ पुरी होईपर्यंत लग्न नाही. आईचा अंगठा, बापाची सही.

५.३०. पर्यवेक्षिकाबाईंना अहवाल. २७ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने 'बालविवाह मुक्त भारत' मोहीम सुरू केली. त्या मोहिमेची शपथ जरूर घ्यावी. पण दिवाळीनंतर आश्रमशाळेत न परतलेल्या मुलींची यादीही पंचायतीने तेव्हाच वाचावी, आणि त्यांना पोचवायला गाडी द्यावी. लग्नं याच दिवसांत ठरतात.

६.३०. निघताना बापाने बाजूला घेतलं. भट्टीवर जोडप्याला उचल मिळते. नव्या जोडप्याच्या नावावरची उचल त्याने आधीच घेतलीय, निम्मी खर्चही झालीय. भाऊसाहेबांना तसंच परत बोलावलं. उद्या मुकादमाशी बोलायचंय.