वाकडी वाट आणि कस्टमची वर्दी

सकाळी ६. मार्श हार्बर, बहामा

जुलैमध्ये बहामातून फ्लोरिडाला परतायचं तर दुपारच्या आत परतावं, हे इथल्या प्रत्येक वैमानिकाला ठाऊक असतं. तरीही बरीच विमानं दुपारीच निघतात. कारण विमान वैमानिकाच्या घड्याळावर चालतं आणि सहल प्रवाशांच्या.

मी फ्लोरिडात विमान चालवायला शिकवतो. ज्यांच्याकडे स्वतःचं विमान आहे, पण एकट्याने समुद्र ओलांडायला जीव धजत नाही, अशांच्या शेजारच्या खुर्चीत बसून जाणं हाही माझ्या कामाचाच भाग. या खेपेला शेजारी डॉक्टर आहेत. मूळचे साताऱ्याचे, दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर उडायला शिकले. विमान चार आसनांचं सेसना १८२. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू. दोघं समोरच्या बेटावर होप टाऊनला उतरलेत, फेरीने येतील. मी धावपट्टीजवळच्या खोलीत हवामान बघत बसलोय. नऊला निघालो तर फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सला आकाश मोकळं मिळेल. दुपारनंतरचं काही सांगता येत नाही.

परतीची कागदपत्रं तयार आहेत. खासगी विमानाने अमेरिकेत येताना किंवा तिथून बाहेर जाताना प्रवाशांची यादी ई-एपिस नावाच्या सरकारी प्रणालीत आधी भरावी लागते. १८ मे २००९ पासून हे सक्तीचं झालं. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, अमेरिकेतला पत्ता, कुठून निघणार, कुठे उतरणार, हे सगळं उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी पोहोचलं पाहिजे. बेटावरच्या इंटरनेटचा भरवसा नसल्याने मी जाताना आणि येतानाच्या दोन्ही याद्या अमेरिकेतूनच भरून टाकतो.

नवशिक्यांचं घोडं पुढच्या पायरीवर अडतं. यादी भरली आणि उत्तराची ईमेल आली, म्हणजे उतरायची परवानगी मिळाली असं ते धरून चालतात. तसं नसतं. जिथे उतरायचं, तिथल्या कस्टम कार्यालयाला फोन करून वेळ सांगावी लागते आणि त्यांनी हो म्हणावं लागतं. पूर्वी उड्डाणाच्या आराखड्यात ‘कस्टमला कळवा’ एवढा शेरा मारला की भागायचं. आता त्या शेऱ्यावर विसंबून राहू नये.

सकाळी ८

फोर्ट पिअर्सला फोन. पलीकडच्या बाईंनी विमानाचा नंबर विचारला, माणसं किती ते विचारलं, साडेदहाची वेळ लिहून घेतली. मी त्यांच्या नावाची आद्याक्षरं आणि फोनची वेळ वहीत टिपली. ही वही मी जपतो, पुढे तिचं काम पडतं.

साडेआठला डॉक्टरांचा निरोप आला: “अरे, फेरी चुकली. पुढची कधी ते विचारतोय.”

सकाळी ११.३०

दोघं आले. काकूंच्या हातात नारळाच्या पावाची पिशवी आणि बाजारातले चार आंबे. आंबे बघून मी काही बोललो नाही, फक्त फॉर्मवर ‘फळं’ लिहायला सांगितलं.

डॉक्टर विमानाला प्रदक्षिणा घालत तपासणी करतायत. शेपटीकडच्या बाजूला चिकटपट्टीने मोठी अक्षरं लावलेली आहेत. विमानावर रंगवलेला नोंदणी क्रमांक तीन इंची आहे, पण अमेरिकेच्या हवाई संरक्षण पट्ट्यातून आत येणाऱ्या विमानावर तो बारा इंची लागतो. म्हणून हौशी वैमानिक जायच्या आदल्या दिवशी टेपची अक्षरं कापून डकवतात. एका अक्षराचा कोपरा सुटला होता, डॉक्टरांनी तो अंगठ्याने घासून बसवला. दारापाशी कस्टमच्या वार्षिक शुल्काचा स्टिकर आहे, तोही मी बघून घेतला.

दक्षिणेकडून येणाऱ्या छोट्या विमानांवर एवढी बारीक नजर का, याचं उत्तर इथून दक्षिणेला नॉर्मन्स की नावाच्या बेटावर आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाच्या कार्लोस लेहडरने ते बेट जवळजवळ ताब्यात घेतलं होतं आणि तिथल्या धावपट्टीवरून कोकेन फ्लोरिडात जायचं. त्या काळातलं एक मालवाहू विमान अजून तिथल्या उथळ पाण्यात पडलेलं आहे. मेक्सिको, कॅरिबियन किंवा दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या खासगी विमानाने ठरवून दिलेल्या विमानतळांपैकी सीमा ओलांडण्याच्या जागेला सर्वांत जवळच्या ठिकाणीच पहिल्यांदा उतरावं, आणि किनारा ओलांडण्याच्या किमान तासभर आधी वर्दी द्यावी, असा नियम आहे. फोर्ट पिअर्स त्या यादीत आहे.

निघण्याआधी पुन्हा फोन. नवी वेळ, दुपारी २.२०. माणसं तीच असतील तर नुसती वेळ बदलल्याने यादी पुन्हा भरावी लागत नाही, फोन पुरतो. माणूस बदलला असता तर नवी यादी आणि नवी मंजुरी.

दुपारी १.४५. समुद्रावर

डावीकडे दूर ग्रँड बहामा बेट. खाली पाणी इतकं उथळ की विमानाची सावली वाळूवरून धावताना दिसते. पुढे मात्र काळंकुट्ट. पश्चिमेचा वारा असला की जमिनीवर वाढलेले ढग किनाऱ्याकडे सरकतात, तसे ते आज सरकलेत. पडद्यावरचं रडारचं चित्र काही मिनिटं शिळं असतं, म्हणजे खरी परिस्थिती त्याहून वाईट. फोर्ट पिअर्स लाल, दक्षिणेला पाम बीचपर्यंत लाल. उत्तरेकडे सेबॅस्टियनच्या बाजूला तेवढी फट.

डॉक्टर म्हणाले, “परवानगी फोर्ट पिअर्सची आहे. दुसरीकडे उतरलो तर पाच हजार डॉलर दंड. थोडं हलेल, पण जाऊ.”

दंडाचा आकडा बरोबर होता. पहिल्या चुकीला ५,००० डॉलर, पुढच्या प्रत्येक चुकीला १०,०००. पण हा आकडा ऐकून वादळात शिरणारी माणसं मला वादळापेक्षा जास्त धोकादायक वाटतात. कायद्यात सक्तीच्या उतरण्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि ती वैमानिकाच्या बाजूने आहे: जिवासाठी हवं तिथे उतर, पण उतरल्यावर शक्य तितक्या लवकर कळव. चुकून दुसरीकडे उतरलेल्यावर नव्हे, तर उतरून गप्प बसलेल्यावर संशय येतो.

“मग परत फ्रीपोर्टला?” डॉक्टरांनी विचारलं. तोही रस्ता होता, पण फ्रीपोर्टवरही ढग चढत होते. शिवाय बहामातून निघाल्याची नोंद झालेली, म्हणजे तिथे उतरलो की पुन्हा बहामाचे कस्टम आणि इमिग्रेशन. आणि रात्री दृश्य नियमांनी उडायला त्या देशात बंदी, म्हणजे बहुधा मुक्काम. इंधन भरपूर होतं आणि फट समोर दिसत होती.

मी मायामी सेंटरच्या नियंत्रकाला सांगितलं: हवामानामुळे फोर्ट पिअर्सला येत नाही, सेबॅस्टियनला जातो, तीन माणसं, कृपया फोर्ट पिअर्सच्या कस्टमला कळवा. पलीकडून “कळवतो” आलं. मी घड्याळ बघून वहीत लिहिलं: १.५२.

सेबॅस्टियनऐवजी कस्टम असलेल्या दुसऱ्या विमानतळावर वळलो असतो, तर तिथल्या अधिकाऱ्यांशी आधी बोलून त्यांची संमती घ्यावी लागली असती, कारण तपासायला तिथे माणूस मोकळा हवा. कस्टम नसलेल्या ठिकाणी संमती द्यायला कोणी नसतंच. तिथे सगळी मदार फोनवर.

दुपारी २.३०. सेबॅस्टियन

छोटं विमानतळ. टॉवर नाही, कस्टम नाही. विमान एका कडेला उभं केलं, पंखा थांबला, आणि काकूंनी पट्टा सोडत दाराच्या कडीला हात घातला.

“काकू, थांबा. आपण अजून अमेरिकेत आलो नाही.”

“म्हणजे? ही काय मग?” त्यांनी खिडकीबाहेरच्या गवताकडे बोट दाखवलं.

मी आधी फोर्ट पिअर्स कस्टमचा नंबर फिरवला. नियंत्रकाने कळवलेलं पोहोचलं होतं, पण अधिकाऱ्याला ते माझ्या तोंडून हवं होतं: कुठे उभे आहात, का वळलात, आत कोण, विमानाजवळ दुसरं कोणी आलं का. सूचना स्पष्ट होत्या. माणसं एकत्र ठेवा, सामान एकत्र ठेवा, बॅग उघडू नका, बाहेरच्या कोणालाही हात लावू देऊ नका. दुसरा फोन उड्डाणाचा आराखडा बंद करायला. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तो बंद झाला नाही, तर शोध सुरू होतो. कस्टमच्या गडबडीत हा फोन विसरणारे बरेच असतात.

तेवढ्यात विमानतळावरचा एक पोरगा गोल्फकार्ट घेऊन आला. आत चला, एसी आहे, गार पाणी आहे. भला पोरगा. त्याला लांबूनच हात करून थांबवलं आणि कारण सांगितलं. तो तिथेच थांबला, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की आम्ही काहीतरी लपवतोय असं त्याला वाटतंय.

केबिनमध्ये चुलीसमोर बसल्यासारखं झालं होतं. दोन्ही दारं उघडली, पंखाच्या सावलीत उभे राहिलो. काकूंनी संत्र्याची सालं आणि सँडविचचा कागद गोळा करून कचऱ्याचा डबा कुठे आहे ते विचारलं. डबा दहा पावलांवर होता, पण ती सालं तिथे टाकता येत नाहीत. परदेशातून आलेल्या विमानातलं उरलेलं अन्न आणि सालपटं हा नियंत्रित कचरा आहे. फळमाशी नाहीतर एखादा रोग त्यातून आत येऊ नये म्हणून त्याची विल्हेवाट वेगळी लावतात. सालं पिशवीत बांधून सीटखाली गेली.

दुपारी ३.१५

वीज जवळ पडली. मोकळ्या माळावर धातूच्या विमानाला टेकून उभं राहणं शहाणपणाचं नव्हतं. मी पुन्हा फोन केला. अधिकारी म्हणाला, इमारतीत जा, तिघंही एका कोपऱ्यात बसा, सामान विमानातच राहू द्या, विमानाला कुलूप लावा. सुरक्षिततेसाठी माणसं हलवण्याची मुभा नियमातच आहे. काकूंना स्वच्छतागृहात जाता आलं. तासाभरातली सर्वांत मोठी सोय तीच.

कोपऱ्यात बसल्या बसल्या डॉक्टरांनी विचारलं, “आपल्याकडे असं काही आहे का रे?” आहे, आणि जवळजवळ हेच आहे. भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम २९ नुसार परदेशातून येणाऱ्या विमानाने सीमाशुल्क विमानतळाशिवाय दुसरीकडे उतरू नये. पण अपघात, खराब हवामान किंवा टाळता न येणाऱ्या कारणाने उतरावं लागलं, तर विमानाच्या प्रमुखाने ताबडतोब जवळच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला वर्दी द्यायची. मागितली तर लॉगबुक दाखवायची, परवानगीशिवाय माल उतरवायचा नाही, माणसांना आसपासच्या जागेतून हलू द्यायचं नाही. आरोग्य, सुरक्षितता, जीव किंवा मालमत्ता वाचवणं या कारणांसाठी तिथेही सूट आहे. तालुक्याच्या ठाण्यातल्या फौजदाराला एखाद्या परदेशी वैमानिकाने फोन केला, तर पुढे काय होईल याची कल्पना करून डॉक्टर बराच वेळ हसत होते. पण कायद्याने तो फोन बरोबर ठिकाणीच लागलेला असेल.

दोन्ही कायद्यांचं तर्कशास्त्र एकच आहे, आणि मला ते पटतं. वाट का बदलली हा प्रश्न नंतरचा. मधल्या वेळेत विमानातून काय आणि कोण बाहेर गेलं, हा पहिला. तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर वैमानिकाला छातीठोकपणे देता आलं पाहिजे.

दुपारी ४.४०

पाऊस ओसरला. कस्टमला फोन. अधिकारी म्हणाला, तिघंच, तेच सामान, घेऊन या फोर्ट पिअर्सला. कधी कधी ते स्वतः माणूस पाठवतात, कधी विमान बोलावून घेतात. ते त्यांच्या सोयीवर. वैमानिकाने स्वतःच ठरवून निघायचं नाही, एवढं पक्कं. पंधरा मिनिटांचं उड्डाण, वेळ सांगितली ५.१०.

संध्याकाळी ५.१०. फोर्ट पिअर्स

कस्टमच्या चौकोनात विमान लावलं. सगळ्या बॅगा घेऊन आत. पासपोर्ट, माझं आणि डॉक्टरांचं वैमानिक प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, विमानाची नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचा कागद. अधिकाऱ्याने वळण्याचं कारण विचारलं. मी वही पुढे केली: १.५२ नियंत्रक, २.३४ फोन, ३.१५ इमारतीत जाण्याची परवानगी, ४.४० निघण्याची. त्याने आपल्या नोंदींशी वेळा ताडून पाहिल्या आणि वही परत दिली.

नारळाचा पाव पास झाला. आंबे त्याने ठेवून घेतले. लिहून दिले होते म्हणून दंड नाही. काकूंनी एकदा विचारलं की निदान इथे बसून खाल्ले तर चालतील का. नाही चालत. सालांची पिशवीही त्यानेच घेतली.

संध्याकाळी ६

डॉक्टर बिल बघत होते: सेबॅस्टियनला काही नाही, फोर्ट पिअर्सला काही नाही. फेरी वेळेवर पकडली असती तर हे सगळं टळलं असतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. काकूंनी गाडीत बसल्याबसल्या ते दोनदा सांगितलं.

तुमच्यापैकी कोणी बहामाला स्वतःच्या विमानाने जाणार असाल, तर निघण्याआधी जिथे उतरणार आहात तिथल्या आणि आजूबाजूच्या दोन विमानतळांवरच्या कस्टमचे फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनची बॅटरी संपते, बेटावर इंटरनेट जातं, आणि हवेत तर मोबाइलचा उपयोगच नसतो.