कणेरीचा सिमेंटचा गावगाडा

कोल्हापूरपासून जवळच, पुणे–बंगळूर महामार्गापासून थोडे आत, कणेरी मठाच्या आवारात सुमारे सात एकरांवर एक पुतळ्यांचे गाव वसवलेले आहे. मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयाला लोक सर्रास ‘वॅक्स म्युझियम’ म्हणतात. पुतळे मात्र सिमेंटचे आहेत; उघड्या माळावर मेणाच्या माणसांचा निभाव लागला नसता.

जुने गाव नव्याने बांधून दाखवण्याचा अमेरिकी नमुना प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियात वॉल्टर नॉट यांनी 1940 मध्ये आपल्या बेरीच्या मळ्यात खाणकामगारांचे जुने गाव उभारायला घेतले. हेतू व्यवहारी होता: पत्नीच्या हातच्या कोंबडीच्या जेवणासाठी ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांना रमवायचे होते. तेथे दारूचे गुत्ते आणि बंदूकधारी दिसतात, कणेरीत बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार.

लोहार, सुतार, कुंभार, न्हावी आपापल्या कामात गढलेले आहेत. बसण्याची ढब, हत्यारावरची पकड यांत शिल्पकारांचे कसब दिसते. पुण्याजवळच्या हिंजवडी–मारुंजीसारख्या भागात शेते जाऊन संगणक कंपन्या आणि गृहसंकुले आली. तिथल्या मुलांनी मोट कुठे पाहिलेली असणार? शाळांच्या सहली इकडे वळतात त्या यामुळेच.

पुतळ्यांतून हिशेब मात्र कळत नाही. बलुतेदाराला कामागणिक पैसे मिळत नसत; सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्यातही थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या, म्हणजे वाटा सारखा नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या 1915 च्या पुस्तकात ही व्यवस्था तिच्या कुरबुरींसकट वाचायला मिळते. काम जातीने ठरे, ते सोडण्याची मुभा नसे, आणि काहींची घरे गावकुसाबाहेर असत. स्वयंपूर्ण, गुण्यागोविंदाने नांदणारे गाव दाखवताना ही बाजू पुसट होते, आणि तेच या देखाव्याचे मोठे उणे आहे.

याच गावव्यवस्थेतल्या वंशपरंपरागत महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मात्र 1958 चा. तोवर रोख मजुरी आणि कारखान्यांचा माल यांनी बलुते खिळखिळे केलेच होते. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आला, तेव्हापासून लाकडी नांगरासाठी सुताराकडे होणारी खेप कमी होत गेली.